घाटाच्या दोन टोकांना डेव्हिस चषक

डेव्हिस चषकात भारताने पहिला चेंडू मारला तो १९२१ साली, पॅरिसमध्ये. समोर फ्रान्स होता आणि भारताने त्याला ४-१ असे हरवले. पुढच्या फेरीत शिकागोला जपानने भारताचा ५-० असा फडशा पाडला, पण पदार्पणातच फ्रान्सला त्यांच्या घरात नमवणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या दशकातल्या भारतीय संघांची यादी वाचताना एक आडनाव पुन्हा पुन्हा भेटते: फैझी. अथर अली फैझी आणि हसन अली फैझी. लंडनला १९२६ मध्ये पहिली जागतिक टेबल टेनिस स्पर्धा झाली, तिथेही हे दोघे भारताकडून खेळले.

हे मुंबईचे नामांकित सुलेमानी बोहरा घराणे. लेखिका अतिया फैझी याच घराण्यातल्या, मुरूड-जंजिऱ्याच्या नवाबांच्या बेगम झालेल्या नाझलीही याच घराण्यातल्या. मुस्लिम कायद्याचे मोठे अभ्यासक आणि स्वतंत्र भारताचे इजिप्तमधले राजदूत आसफ अली असगर फैझी हेही याच घरचे. त्यांचा जन्म १८९९ साली माथेरानचा. माथेरान म्हणजे आजचा कर्जत तालुका. डेव्हिस चषकाच्या जुन्या नोंदी चाळताना रायगड जिल्ह्याशी असे नाते निघते: एक धागा समुद्रकाठच्या मुरूडशी, दुसरा घाटपायथ्याच्या डोंगराशी.

त्या काळी ही स्पर्धा भारतात पाहायची सोय मात्र नव्हती. अमेरिकेच्या ड्वाइट डेव्हिस या विद्यार्थ्याने चांदीचे भांडे दिले आणि १९०० साली अमेरिका विरुद्ध ब्रिटिश बेटे अशी पहिली लढत झाली. देश वाढत गेले, तेव्हा १९२३ पासून आयोजकांनी त्यांची अमेरिका विभाग आणि युरोप विभाग अशी वाटणी केली. आशियाला स्वतःचा विभाग नव्हता. भारताचा संघ युरोप विभागातून खेळे. गिरगावातल्या किंवा पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या टेनिसवेड्याला आपल्या संघाचे काय झाले हे वर्तमानपत्रातूनच कळायचे.

हे बदलले १९५० च्या दशकात, पूर्व विभाग सुरू झाल्यावर. जपान, फिलिपिन्स, ब्रह्मदेश, सिलोन, भारत या देशांनी आधी आपापसांत खेळायचे आणि त्यातून वर येणाऱ्याने जगातल्या इतर विभागांच्या विजेत्यांशी भिडायचे, अशी ही व्यवस्था. कागदावर ही केवळ प्रशासकीय सोय होती. प्रत्यक्षात याच सोयीमुळे डेव्हिस चषक आपल्याकडे आला. पाहुणा संघ इथे उतरणार, मैदान आपण निवडणार, गवत की माती हे आपण ठरवणार आणि पाहणारे लोक आपले असणार. प्रादेशिक विभागाला दुय्यम म्हणून हसणाऱ्यांच्या ध्यानात ही गोष्ट येत नाही. भारतीय प्रेक्षकाला या स्पर्धेची चव लागली ती याच पायरीवर.

१९६३ सालचे उदाहरण घ्या. पूर्व विभाग जिंकून भारत आंतरविभागीय अंतिम फेरीत गेला आणि ती लढत अमेरिकेशी मुंबईत झाली. चक मॅकिन्ली त्याच वर्षी विम्बल्डन जिंकून आला होता, त्याच्या जोडीला डेनिस राल्स्टन होता. रामनाथन कृष्णन, प्रेमजित लाल, जयदीप मुखर्जी ही आपली पिढी. निकाल ०-५. अमेरिकेने पुढे ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात हरवून चषक नेला, म्हणजे मुंबईकरांनी त्या वर्षीचा जगज्जेता संघ आपल्या गावात खेळताना पाहिला. तीन वर्षांनी, १९६६ मध्ये, हाच भारतीय संघ पूर्व विभागातून वर चढत मेलबर्नला अंतिम लढतीपर्यंत पोहोचला. तिथे ऑस्ट्रेलियाकडून १-४ अशी हार झाली. जो एक सामना भारताने जिंकला तो दुहेरीचा होता: कृष्णन आणि मुखर्जी यांनी जॉन न्यूकोम्ब आणि टोनी रोश या जोडीला हरवले.

मग आले १९७४. त्या वर्षीच्या पूर्व विभागाच्या अंतिम लढतीत कोलकात्याला भारताने ऑस्ट्रेलियाला ३-२ असे हरवले. त्या तीन दिवसांत ३२७ गेम खेळले गेले, एका लढतीतल्या गेमचा हा विक्रमच होता. पुढचा सामना सोव्हिएत संघाशी. तो झाला पुण्यात, सप्टेंबरात.

या निवडीमागे हवामानाचा हिशेब असावा. सप्टेंबरात घाटाखाली कर्जत आणि खालापुरात भात निसवायला आलेला असतो, पावसाची सर कधी येईल याचा भरवसा नसतो, मैदाने चिखलाने भरलेली असतात. घाटमाथा ओलांडून पुण्याकडे उतरले की पाऊस हलका होत जातो, कारण पुणे पर्जन्यछायेत बसलेले आहे. मोकळ्या आभाळाखाली तीन दिवस टेनिस खेळायचे तर सप्टेंबरात पुणे मुंबईपेक्षा कितीतरी भरवशाचे. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता. मुंबईहून जाणाऱ्याला एक तर १९३० पासून धावणारी डेक्कन क्वीन किंवा तिच्यासारखी एखादी गाडी धरून कर्जतमार्गे घाट चढायचा होता, नाही तर खालापूर-खोपोलीवरून जुन्या रस्त्याने. सोव्हिएत टेनिस म्हटले की तेव्हा एकच नाव पुढे येई, आदल्या वर्षीचा विम्बल्डन उपविजेता अलेक्स मेत्रेवेली. विजय आणि आनंद अमृतराज या भावांचा भारतीय संघ ३-१ असा जिंकला आणि भारत दुसऱ्यांदा अंतिम फेरीत दाखल झाला.

अंतिम फेरी झालीच नाही. प्रतिस्पर्धी होता दक्षिण आफ्रिका, आणि तिथल्या वर्णद्वेषी राजवटीच्या निषेधार्थ भारताने खेळायला नकार दिला. एकही चेंडू न मारता दक्षिण आफ्रिकेच्या नावावर चषक लागला. म्हणजे भारताने त्या मोसमात जिंकलेली शेवटची लढत पुण्याची. चषकाच्या इतक्या जवळ गेलेल्या संघाने न्यायाच्या बाजूने उभे राहण्यासाठी तो सोडला, ही भारतीय टेनिसच्या इतिहासातली सर्वांत मानाची गोष्ट आहे आणि तिची आठवण आजच्यापेक्षा खूप जास्त व्हायला हवी.

१९८१ मध्ये रचना पुन्हा बदलली. अव्वल सोळा देशांचा जागतिक गट वेगळा काढला गेला आणि बाकीचे देश विभागांत राहिले. १९८८ पासून आशिया आणि ओशिआनिया एकत्र येऊन त्यांचे पहिला, दुसरा असे गट पडले, पुढे तिसरा आणि चौथाही. वरच्या गटातून घसरायचे, खालच्या गटातून चढायचे, असा हा जिना. पहिल्या गटातून जिंकणाऱ्यांना जागतिक गटात जाण्यासाठी आणखी एक पात्रता लढत खेळावी लागे आणि तिथे समोर बहुधा युरोपातला एखादा तगडा संघ येई.

कर्जतच्या माणसाला ही रचना समजायला वेळ लागणार नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून चढाची अडचण तीच आहे. मुंबईहून आलेली लांब पल्ल्याची गाडी सपाटीवर आपल्या इंजिनावर धावते, पण पुढचा चढ तिला एकटीला झेपत नाही. म्हणून कर्जतला तिच्या मागे जादा इंजिने लावतात. ती तिला ढकलत लोणावळ्यापर्यंत नेतात, तिथे सुटतात आणि परत खाली येतात. आशिया-ओशिआनिया गटाने भारताला असेच ढकलत पुन्हा पुन्हा घाटमाथ्याशी नेले. पुढचे अंतर स्वतःच्या ताकदीने कापायचे होते.

ते अंतर पुष्कळदा कापता आले नाही, हेही खरे. १९८७ मध्ये भारत अंतिम फेरीत गेला होता, ऑस्ट्रेलियाला सिडनीत हरवून. गोथेनबर्गला स्वीडनने ५-० असे हरवले. १९९५ मध्ये दिल्लीच्या गवतावर लिएंडर पेसने गोरान इव्हानिसेविचला दोन सेट मागे असताना हरवले आणि क्रोएशियाला मागे टाकून भारत जागतिक गटात पोहोचला. पण १९९९ ते २०१८ या वीस वर्षांत भारत जागतिक गटात खेळला तो फक्त २०१० आणि २०११ मध्ये. २०१४ पासून तर सलग पाच वर्षे एकच क्रम चालला: आशिया-ओशिआनियातून वर यायचे आणि पात्रता लढतीत हरायचे. बंगळूरला सर्बिया, दिल्लीला चेक प्रजासत्ताक, पुन्हा दिल्लीला स्पेन, एडमंटनला कॅनडा, क्रालेव्होला परत सर्बिया.

आता या वीस वर्षांकडे अपयश म्हणूनच पाहायचे का? पहिल्या गटातल्या लढतींचे स्वरूप पाहिले तर उत्तर वेगळे मिळते. २००६ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या गवतावर, भारत-पाकिस्तान लढत झाली. जागतिक गटाशी तिचा काही संबंध नव्हता. पहिल्या गटातले आपले स्थान टिकवायची ती झुंज होती. पाकिस्तानकडे ऐसाम उल हक कुरेशी आणि अकील खान. लढत २-२ अशी बरोबरीत आली आणि सगळा भार पाचव्या सामन्यावर पडला. बत्तीस वर्षांच्या पेसने अकीलला हरवले आणि भारत ३-२ असा सुटला. चार वर्षांनी याच ऐसामने भारताच्या रोहन बोपण्णाबरोबर अमेरिकन खुल्या स्पर्धेची दुहेरीतली अंतिम फेरी गाठली. शेजारी देशांचे खेळाडू वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभे राहतात, एकमेकांची सर्व्हिस ओळखू लागतात, त्यातून अशा जोड्या घडतात. प्रादेशिक गटाची ही देणगी कुठल्याही गुणतक्त्यात दिसत नाही.

महाराष्ट्राच्या खेळाडूंसाठीही ही पायरी मोलाची ठरली. पुण्याचे नंदन बाळ डेव्हिस चषकात खेळले, नंतर संघाचे प्रशिक्षक झाले आणि २०२० मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. बॅडमिंटनचे नंदू नाटेकर यांचा मुलगा गौरव नाटेकर याच संघातून पुढे आला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत त्याने पेसच्या साथीने दुहेरीचे सुवर्ण जिंकले. जागतिक गटात नवख्याला उतरवायला कर्णधार धजत नसे. विभागीय लढतीत ती जोखीम घेता येई.

पुण्याची पाळी पुन्हा आली २०१७ मध्ये. ३ ते ५ फेब्रुवारी, बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल, आशिया-ओशिआनिया पहिला गट, प्रतिस्पर्धी न्यूझीलंड. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले. घाटाखालच्या लोकांना ते पुण्याच्या पेठांपेक्षा जवळचे आहे. खालापूरचा टोलनाका ओलांडून घाट चढले की द्रुतगती मार्ग किवळ्याला संपतो. तिथून बंगळूरकडे जाणारा बाह्यवळण रस्ता धरला की वाकडच्या पुढे बालेवाडी येतेच. शहराच्या गर्दीत शिरावेच लागत नाही.

डेव्हिस चषकाचा सामना टीव्हीवर आणि मैदानात बसून पाहणे यांत जो फरक आहे तो इथेच जाणवतो. एरवी टेनिसपटू कोर्टवर एकटा असतो. इथे गेम बदलताना तो खुर्चीत बसतो तेव्हा शेजारी कर्णधार बसलेला असतो, कानात काहीतरी सांगत, टॉवेल पुढे करत. पंच गुण पुकारतात तेही खेळाडूच्या नावाने नाही. ‘गेम, इंडिया’ असा पुकारा होतो. बाजूच्या बाकावर राखीव खेळाडू, प्रशिक्षक, फिजिओ ओळीने बसलेले असतात आणि प्रत्येक चांगल्या फटक्याला सगळा बाक उभा राहतो. ढोल चालतात, घोषणा चालतात. जो खेळ वर्षभर शांतता मागतो तो या दिवसांत कबड्डीच्या मैदानाइतका मोकळा होतो.

त्या वेळी पद्धत जुनीच होती: शुक्रवारी दोन एकेरी, शनिवारी दुहेरी, रविवारी उलट जोड्यांच्या दोन एकेरी, आणि लढतीचा निकाल लागेपर्यंतचे सामने पाच सेटचे. शुक्रवारी युकी भांब्रीने फिन टिअर्नीला आणि रामकुमार रामनाथनने होजे स्टॅथमला हरवले. २-० अशी आघाडी घेऊन शनिवार उजाडला, पण लोकांचे डोळे लागले होते ते दुहेरीकडे.

कारण पेसच्या खात्यावर तेव्हा डेव्हिस चषकातले ४२ दुहेरी विजय होते. इटलीच्या निकोला पिएत्रांजेलीचेही तितकेच. आणखी एक विजय मिळाला की जगातला सर्वाधिक विजयांचा मान पेसचा, आणि तो पुण्यात मिळण्याची शक्यता होती. साथीदार साकेत मायनेनी जखमी झाल्यामुळे विष्णुवर्धनला ऐनवेळी कोर्टवर यावे लागले. समोर आर्टेम सिटाक आणि मायकल व्हीनस ही मुरलेली जोडी. पेस-विष्णूने पहिला सेट घेतला. दुसरा गेला. तिसरा टायब्रेकरपर्यंत ताणला आणि तिथे निसटला. चौथ्यात न्यूझीलंडची जोडी सुटून निघाली. त्रेचाळीस वर्षांच्या पेसचा विक्रम बालेवाडीत झाला नाही.

लढत मात्र भारताने घेतली. रविवारी रामकुमारने टिअर्नीला हरवून निकाल लावला, युकीनेही आपला सामना जिंकला आणि आकडा ४-१ असा झाला. कर्णधार म्हणून आनंद अमृतराज यांची ही शेवटची लढत. १९७४ मध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या संघातले आनंद त्रेचाळीस वर्षांनी त्याच शहरात कर्णधाराच्या खुर्चीतून उठले. पुढच्या लढतीला त्यांच्या जागी महेश भूपती आले.

पेसचा तो त्रेचाळिसावा विजय आला १४ महिन्यांनी, तोही याच पायरीवर. एप्रिल २०१८, चीनमधले त्यानजिन, आशिया-ओशिआनिया पहिला गट. भारत ०-२ असा मागे पडला होता. पेस आणि बोपण्णा यांनी गाँग माओशिन आणि झांग झे यांच्याविरुद्ध पहिला सेट ५-७ असा गमावला, पुढचे दोन्ही सेट टायब्रेकरमध्ये जिंकले. मग रामकुमारने बरोबरी साधली आणि प्रज्ञेश गुणेश्वरनने वू यिबिंगला हरवून लढत ३-२ अशी भारताच्या पदरात टाकली. डेव्हिस चषकाच्या इतिहासातला दुहेरीचा सर्वांत मोठा विक्रम विम्बल्डनच्या वलयात किंवा जागतिक गटाच्या उजेडात झालेला नाही. तो विभागीय गटात झाला आहे, ०-२ मागे असताना, परक्या गावात. १९९० मध्ये सोळा वर्षांचा पेस झीशान अलीबरोबर जपानविरुद्ध पहिल्यांदा दुहेरी खेळला होता, त्याची सुरुवातही आशियाई शेजाऱ्याशीच झालेली.

त्या वर्षीच नियम बदलू लागले. २०१८ मध्ये विभागांच्या पहिल्या दोन गटांत तीन दिवसांचे दोन दिवस झाले आणि पाच सेटचे तीन. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत-पाकिस्तान लढत इस्लामाबादहून हलवून कझाकस्तानच्या राजधानीत, तेव्हाच्या नूर-सुलतान इथे, घेतली गेली. भारताने ती ४-० अशी जिंकली. आशिया-ओशिआनिया पहिल्या गटातली भारताची ही शेवटची लढत. त्यानंतर वरच्या पायऱ्यांवरून खंडांची नावेच पुसली गेली. जागतिक गट एक आणि जागतिक गट दोन अशी नवी पाटी लागली. आता भारताचा प्रतिस्पर्धी कुठल्याही खंडातून येतो. २०२३ मध्ये लखनौला मोरोक्को आला, ती बोपण्णाची शेवटची डेव्हिस चषक लढत ठरली. २०२५ च्या सुरुवातीला दिल्लीत टोगो होता, त्याच वर्षी सप्टेंबरात भारताने बील इथे जाऊन स्वित्झर्लंडला ३-१ असे हरवले.

या बदलाने काय मिळाले ते दिसते: नवे देश, वेगळ्या शैली, युरोपात जिंकण्याची संधी. काय गेले तेही सांगायला हवे. न्यूझीलंड, कोरिया, उझबेकिस्तान, चीन यांच्याशी वर्षाआड होणाऱ्या भेटी गेल्या. २०१३ मध्ये खेळाडूंच्या बंडामुळे दुबळा झालेला भारतीय संघ दिल्लीत कोरियाकडून १-४ असा हरला होता, त्या पराभवाची सल पुढच्या प्रत्येक भारत-कोरिया लढतीत होती. अशा हिशेबांना वर्षे लागतात आणि ते शेजाऱ्यांशीच जुळतात.

खंडाचे नाव उरले आहे ते तिसऱ्या गटापासून खाली. तिथली रीत अगदी वेगळी. सगळे संघ एकाच गावी येतात, आठवडाभर राहतात, लहान गटांत साखळी पद्धतीने खेळतात. रोज दोन एकेरी आणि एक दुहेरी. पहिले वर जातात, शेवटचे खाली. फिजी, सामोआ वगैरे बेटांचा मिळून ‘पॅसिफिक ओशिआनिया’ नावाचा एकत्र संघ इथे उतरतो, कारण एकेका बेटाला संघ उभा करण्याइतके खेळाडू मिळत नाहीत. मोठ्या देशांच्या नजरेत न येणारे टेनिस या आठवड्यांत जगते.

ही साखळी प्रत्यक्ष कशी रंगते ते महाराष्ट्राने महिलांच्या स्पर्धेत पाहिले. डेव्हिस चषकाची महिला बहीण म्हणजे बिली जीन किंग चषक, आणि तिच्यात आशिया-ओशिआनिया पहिला गट आजही आहे. एप्रिल २०२५ मध्ये तो म्हाळुंगे-बालेवाडीत भरला. भारत, न्यूझीलंड, चिनी तैपेई, हाँगकाँग, थायलंड आणि दक्षिण कोरिया, असे सहा संघ, रोज एक लढत. भारत पहिल्याच दिवशी न्यूझीलंडकडून हरला आणि नंतर एकामागून एक जिंकत गेला. श्रीवल्ली रश्मिका भामिदिपती एकेरीचा एकही सामना हरली नाही. शेवटच्या दिवशी कोरियाविरुद्ध १-१ झाले आणि निर्णायक दुहेरीसाठी अंकिता रैनासोबत उतरली प्रार्थना ठोंबरे, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची. त्या दोघींनी सामना दोन सेटमध्ये संपवला, आणि न्यूझीलंडपाठोपाठ भारत नोव्हेंबरच्या प्लेऑफ फेरीत गेला.